रिकाम्या खोलीच्या सात अटी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या निम्माच वाकलो आहे, उरलेला भेटीत पूर्ण करीन.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला? आम्ही दोघं अगदी मजेत आहोत. हे वाक्य तीन कागदांवर लिहून फाडलं. चौथ्यावर जरा खरं वाटलं, म्हणून हाच कागद पाठवतो आहे.

लेक कॉलेजला गेली त्याला दोन महिने झाले. पहिल्या आठवड्यात तुझी भावजय रोज तिसरं ताट वाढायची आणि रोज ते मी संपवायचो. विरहाने माणसं वाळतात म्हणे, मी चार किलो वाढलो. मीही काही फार शहाणपणा केला नाही. तिच्या खोलीतला दिवा आधी स्वतः लावायचो, मग बाहेर येऊन "दिवा कोणी चालू ठेवला?" म्हणून ओरडायचो, मग आत जाऊन बंद करायचो. ओरडायला घरात कोणी नसलं की बापाने करायचं काय, तूच सांग. शेवटी खोली भाड्याने द्यायचं ठरलं. कोणीतरी वावरेल, एवढाच हेतू.

आता तुझा भाऊ तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतो हे तू जाणतेस. आमच्या धंद्यात पत्रा रिकामा सोडत नाहीत. "खोली भाड्याने देणे आहे" एवढं लिहून झालं तरी खाली हातभर जागा उरली आणि माझा हात शिवशिवायला लागला. तुझी भावजय शेजारी स्टुलावर बसून सांगत गेली, मी रंगवत गेलो. भाडेकरूने ओला टॉवेल पलंगावर टाकावा. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणून वीस मिनिटं येऊ नये. दार आपटावं. घरमालकाला दिवसातून एकदा तरी "तुम्हाला काही कळत नाही" असं सुनावावं. अशा करता करता सात अटी झाल्या. सातवी, घरात काहीही सांगितलं तरी आधी "नाही" म्हणावं. लाल अक्षरं, काळी सावली. (सावली फार सुरेख उतरली आहे, आलीस की दाखवीन.)

मला वाटलं, लोक हसतील आणि पुढे जातील. पण तिसऱ्या दिवशी वजनमापे खात्यातले एक निवृत्त निरीक्षक आले. वय बासष्ट, एकटे, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी पाटी दोनदा वाचली, वहीत उतरवून घेतली आणि एकच शंका विचारली, की "काही कळत नाही" हे दोघांना म्हणायचं की फक्त तुम्हाला? तुझ्या भावजयीने क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट दाखवलं.

माणूस नियमाचा पक्का निघाला. सकाळी आठला टॉवेल पलंगावर. दार आपटतात तेही रोज एकाच वजनाने. पहिले काही दिवस आपटून झाल्यावर "माफ करा" म्हणायचे, ते आम्ही बंद करायला लावलं. पण ताई, हळूहळू अटी त्यांच्या अंगात भिनल्या. पाटीवर नसलेलंही करू लागले. एका परकीय भाषेच्या वर्गात नाव घातलं, चाचणीत नापास झाले आणि निकाल गादीखाली लपवला. तुझ्या भावजयीला चादर बदलताना सापडला. मग काय, दोघांनी त्यांना समोर बसवलं. मी चांगलं खडसावलं. बासष्ट वर्षांचा माणूस मान खाली घालून म्हणाला, "माझ्या मित्रांचे घरमालक असं वागत नाहीत." आणि ताडकन उठून दार आपटलं. खोटं कशाला सांगू, त्या रात्री आम्ही दोघं दोन महिन्यांत पहिल्यांदा शांत झोपलो.

आता अडचण ऐक. रविवारी लेकीचा फोन आला. अठरा तारखेला आठ दिवसांसाठी येते म्हणाली. माझी खोली तशीच आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, तशीच आहे. (टॉवेल बघता हे खोटं नव्हतं.) फोन ठेवला आणि तिच्या खोलीत डोकावून आलो. पोर स्वतःच्या घरी येणार आणि तिच्या पलंगावर वजनमापे खातं! निरीक्षकांना आठ दिवस दुसरीकडे राहा म्हणून विनवलं, तर ते "नाही" म्हणाले. सातवी अट माझ्याच हाताची. वर तुझी भावजय त्यांच्या बाजूने, कारण त्यांची फेरपरीक्षा तोंडावर आली आहे आणि अशा वेळी मुलाला हलवू नये म्हणते.

बाकी सर्व ठीक. भावोजींना नमस्कार, तब्येतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. निरीक्षकांना अठरापासून आठ दिवस तुझ्याकडे ठेवून घेशील का? खाण्याचे नखरे नाहीत. फक्त दारं तपासून घे.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात लेकीचा फोन आला. येत नाही. मैत्रिणी थांबणार आहेत, म्हणून तीही थांबते. खूप खूश होती. तुझी भावजय फोनवर पाच वेळा "छान, छान" म्हणाली आणि नंतर बराच वेळ मोरीत नळ सोडून उभी राहिली. लेक सुखात आहे याचा मला आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं. निरीक्षकांनी सगळं ऐकलं असावं. बाहेर आले, न सांगता तिघांची ताटं मांडली, पाणी घेतलं आणि आम्हाला जेवायला हाक मारली.

ता. क. ३. तेव्हा त्यांना ठेवून घेण्याची आता गरज नाही. त्यांच्याऐवजी आम्हा दोघांना ठेवून घे. तुझ्या गावाहून लेकीचं कॉलेज सकाळच्या गाडीने दीड तासावर आहे, हे मला वेळापत्रक सहज चाळताना कळलं. तुझ्या भावजयीची बॅग भरून झाली आहे. लेकीला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. समोरच्या फुटपाथवरून एकदा बघू आणि परत येऊ.