तिसऱ्या तासाची घसरण

मेम्फिस, ता. ८ जून

ती. ताईस,
थर्मनचा सा. न. वि. वि.

सेंट लुईसमध्ये सव्वीस वर्षं दारोदार लोकांची पत्रं वाटतेस आणि तुझ्या पेटीत मात्र नुसत्या जाहिराती, ही तुझी तक्रार पोचली. म्हणून हा कागद. फोनवरचं बोलणं तू धरत नाहीस, हे ठाऊक आहे.

मे अखेरच्या सुट्टीला इथे काय झालं ते मावशीने तुला मीठमसाला लावून सांगितलं असेलच. आता नेमकं ऐक. डुकराच्या बरगड्यांचे तीन पट्टे माझ्या नव्या विजेच्या स्मोकरमध्ये, म्हणजे धुरावर मांस शिजवणाऱ्या यंत्रात, चढवले होते. मागचा पापुद्रा मी कागदी रुमालाने धरून एका ओढीत काढला. पाप्रिका, तपकिरी साखर, लसूणपूड, मोहरीपूड, मिरी. मीठ आधी आणि वेगळं. सॉसचा थेंब नाही. सव्वादोनशे फॅरनहाइटवर सहा तास. पट्टा वाकवला की मांसाला चीर पडावी पण हाड सुटू नये, तशी पडली. बावीस माणसं ताटं घेऊन उभी, आणि बाबांनी पहिलं हाड उचललंच नाही! म्हणाले, ज्या आगीला वायर लागते ती आग नव्हे, तो टोस्टर. वडीलधाऱ्याने पहिलं हाड घेतल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा आपल्या घरचा नियम. शेवटी सगळ्यांनी मावशीचं तळलेलं चिकन खाल्लं. माझे पट्टे झाकलेलेच राहिले.

डॉक्टरांनी धूर बंद केल्यापासून दोन वर्षं बाबांची विटांची भट्टी थंड आहे. मी स्मोकर नेमका तिच्या शेजारी मांडायला नको होता, हे मला कळतं. पण एकोणीस जुलैला त्यांना ऐंशी पूर्ण होतात. चाळीस माणसं येणार. त्या दिवशीही त्यांनी हाड उचललं नाही, तर मी यंत्र विकून टाकीन आणि पुन्हा मांसाला मसाला लावणार नाही.

म्हणून मेच्या सुरुवातीपासूनचा दर शनिवारचा सराव आता आणखी नेटाने चालू आहे. मला कोणी शिकवलेलं नाही. लिफ्टची दुरुस्तीही मी अशीच शिकलो, उघडून. हिकरी लाकडाच्या भुशाच्या गोळ्या आपोआप आगीत पडतात, पंखा वारा घालतो, तापमान फोनवर दिसतं, आणि मी सगळं वहीत टिपतो. कोडं एकच. आठला पट्टे चढवतो, अकराला चर्चचं गवत कापायला जातो, आणि बरोबर तिसऱ्या तासाला फोनवरची रेघ एकशे नव्वदवर घसरते. दहा मिनिटांत परत वर. दर शनिवारी! वाऱ्याची दिशा टिपली, हवेचा दमटपणा टिपला. कंपनीला लिहिलं, त्यांनी नवा तापमापक पाठवला. घसरण तशीच. बाकी यंत्र अव्वल. डावा पट्टा, उजवा पट्टा, रंग एकसारखा. फिरवावेही लागत नाहीत.

बाबा ठीक. माझ्याशी हवापाण्याचं बोलतात. तुझी माया आहे ती अशीच कागदावर उतरत राहो.

तुझा,
थर्मन


सेंट लुईस, ता. १२ जून

चि. थर्मनास,
अनेक आशीर्वाद.

गुडघ्याचं ऑपरेशन सात जुलैला ठरलं. म्हणजे बाबांच्या वाढदिवसाला मी इथे पाय उंच करून पडलेली. थोडी रडले, मग दोन डोनट खाल्ले.

यंत्र आणण्यापूर्वी बाबांना विचारलंस का? नसणारच. सात वर्षांचा असताना त्यांचं मनगटी घड्याळ उघडलंस, तेव्हाही विचारलं नव्हतंस. परवा मी त्यांना फोन केला. म्हणाले, थर्मनच्या डब्यात सगळं आपोआप होतं, माणूस लागतच नाही. मी हसणार होते, पण आवाज टोमण्याचा नव्हता रे. बारीक होता. एवढं तुझ्या वहीत लिहून ठेव. आणि त्यांना धुरापासून लांब ठेव.

जपून राहा, आणि लिहीत जा.

ओडेसा


मेम्फिस, ता. २२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घसरण गेली! शुक्रवारी मी झाकणाच्या कडेची फट बुजवणारी वादी बदलली. सहा आठवडे उष्णता तिथूनच निसटत होती. काल रेघ सुतासारखी सरळ, सहाच्या सहा तास. हे निदान कंपनीलाही जमलं नाही.

फक्त डावीकडचा पट्टा कडेने जळून कोळसा झाला. मांस पातळ आलं असणार. खाटकाला तसं सुनावलं, तर तो म्हणतो, साहेब, डुक्कर तेच, सुरी तीच, तुमचा हात तपासा. आगाऊ माणूस! बाबांना दाखवणार होतो, पण ते सकाळीच न्हाव्याकडे गेले होते, आणि तिथे चेकर्सचा पट मांडला गेला की दुपार होते. घरी आल्यावर त्यांनी जळका पट्टा पाहिला. नुसते खोकले. तो खोकला मला आवडला नाही. छातीचा वाटला नाही.

गुडघ्याला जप. आठवण काढतोस का, असं विचारू नकोस.

थर्मन


सेंट लुईस, ता. २६ जून

चि. थर्मनास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि कॉफी सांडेपर्यंत हसले. दारोदार हिंडून मला एकच विद्या आली: कोणत्या खिडकीचा पडदा कधी हलतो. तुझ्या वहीत वारा आहे, दमटपणा आहे, वादी आहे. एक रकाना नाही. त्या वेळी बाबा कुठे होते?

तो भर. भरलास की तोंड मिटून बस. पकडायला जाऊ नकोस. बाबा एकदा पकडले गेले की पुन्हा यायचे नाहीत. आणि खाटकाची माफी माग.

ओडेसा


मेम्फिस, ता. २० जुलै

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार, या खेपेला खरोखरचा.

रकाना भरला. सात शनिवार, सहा घसरणी. सातव्याला बाबा न्हाव्याकडे. मी वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. यंत्र डावीकडे जास्त तापतं, आणि ते मला माहीत नव्हतं. मी गवत कापायला निघालो की बाबा येऊन झाकण उघडायचे, पट्ट्यांच्या जागा बदलायचे, आणि मी त्याचं श्रेय लोखंडाच्या डब्याला देत होतो. खाटकाची माफी मागितली. डॉक्टरांनाही विचारलं; एवढ्या विरळ धुरात दहा मिनिटं चालतील म्हणाले.

काल आठला सहा पट्टे चढवले. अकराला मोठ्याने जाहीर केलं, की बर्फ कमी पडेल, मी आणतो. स्मोकरच्या फळीवर माझे हातमोजे ठेवले, मांसावर व्हिनेगर फवारायची बाटली ठेवली, शेजारी बाबांची घडीची खुर्ची. आणि चर्चच्या आवारात गाडी लावून फोनकडे बघत बसलो. अकरा दहा. अकरा वीस. रेघ हलेना. म्हटलं, संपलं, हातमोजे ठेवून मी त्यांची चोरी पकडल्यासारखं केलं. ताई, अडकलेल्या लिफ्टमध्ये चार तास काढलेत मी, पण तो अर्धा तास त्याहून लांब होता. अकरा चौतीसला रेघ घसरली! गाडीत एकटाच इतका ओरडलो, की चर्चची झाडूवाली बाहेर आली. बर्फाचं निम्मं पाणी झालं.

दोनला सगळे जमले. मी पट्टे कापून पुढे ठेवले आणि मागे सरलो. बाबांनी टोकाचं हाड घेतलं नाही, मधलं घेतलं. सावकाश खाल्लं. मग चाळीस माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, की हे यंत्र डावीकडे तापतं, तिसऱ्या तासाला जागा बदलाव्या लागतात, ज्याला हे कळत नाही त्याने याला हात लावू नये. आणि दुसरं हाड मागितलं. मी वही काढून लिहून घेतलं, जणू पहिल्यांदाच ऐकतोय.

तुझ्या वाटणीचा पट्टा फ्रीजरमध्ये आहे. हे पाकीट टपालात टाकायला बाबांकडे देतोय. मायेत उणं पडू देऊ नकोस.

थर्मन

ता. क.
ओडेसा बेटा, दुसऱ्याचं पत्र उघडणं तुमच्या खात्यात गुन्हा आहे, ठाऊक आहे. पण त्याने पाकीट चिकटवलंच नव्हतं. झाकण मी साडेअकराला उघडलं, चौतीसला नाही. त्याच्या फोनला उशिरा कळतं. आणि मी अकरापासून तिथेच होतो. हातमोजे चढेनात. ते त्याच्या मापाचे आहेत. माझ्या मापाचे आणायला सांग.
— बाबा