न सापडणारी डिस्क

८ फेब्रुवारी, सुकापूर

हे जाऊन तीन महिने झाले. सकाळी यांच्या संगणकातली बिघडलेली डिस्क काढली. फोटो आधीच नव्या डिस्कवर घेतले होते. पण संगणक चालवणारं लिनक्स सुरूच होईना. जुनी डिस्क शोधत अडून बसलं. संध्याकाळी नणंदेला फोन केला.

"वहिनी, दादा गेला तरी संगणक त्याचंच ऐकतो! सुरू होताना तो जी यादी वाचतो, तिच्यातून त्या डिस्कची ओळ पुसा."

ओळ सापडली. तिच्या शेवटी यांनी माझं नाव घालून लिहिलेलं, 'नीताचे फोटो. काढू नये.' हात पुढे जाईना.

"पुसायलाच हवी का गं?"

"नको. ओळीच्या आधी # लावा. ओळ राहील, फक्त संगणक ती वाचणार नाही."

लावला. संगणक सुरू झाला. ओळ आहे ना, पुन्हा पाहिलं. आहे. जुनी डिस्क फडक्याने पुसून खणात यांच्या चष्म्याशेजारी ठेवली आणि कुकर लावला.