नातीला तीनच दिवसांचं सुतक

तोआ पायोह, १८ मे २००८

ती. दादा,

हे पत्र आईला वाचून दाखव, काही गाळू नकोस. तिचा गुडघा कसा आहे?

फोनवर तू ओरडलास, "आजोबांना जाऊन आठवडा नाही आणि तुझी लेक चिखलात लोळते! वर्षश्राद्धाला तिला आणू नकोस."

मुलीच्या मुलीला तीनच दिवसांचं सुतक असतं. क्षिप्रा पाचव्या दिवशी सिडनीच्या क्लबकडून रग्बी लीगचा पहिला सामना खेळली. खेळताना रडत होती, असं तिनेच सांगितलं.

त्या तारखेभोवती बाबांनी लाल पेनने गोल काढला होता. तुझ्याच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. बघ.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघी येऊ. दार तू उघडू नकोस. आई उघडेल.

तिला नमस्कार.

विनीता