कल्पनाशिवाय कोड वाचताना

१० फेब्रुवारी २००३, सोम.
कल्पना हैदराबादला गेली त्याला महिना होत आला. तिच्या खुर्चीवर आता नव्या प्रिंटरचं खोकं. सरांनी आम्ही बँकेसाठी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या बाहेरच्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोड, तपासायला सांगितल्या. नेटवर फुकट मिळतात, परदेशात कोणीतरी लिहिलेल्या, आपण जोडून मोकळे. बँक विचारतेय, आत कोणाचं काय आहे, धोका नाही ना.
हे काम दोघींचं. ती मोठ्यानं वाचायची, मी कागदावर बोट ठेवून ऐकायची, खटकलं की "थांब" म्हणायची. एकटीनं वाचलं की डोळे पुढे पळतात. असायला हवं तेच दिसतं.

१२ फेब्रु.
फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी घेतली. एकच माणूस सांभाळतो. चार पानं झाली. दोनदा मोठ्यानं "थांब" म्हणाले. समोर खोकं.

१४ फेब्रु.
प्रिंट घरी आणले. बाबांना म्हटलं, वाचून दाखवता का? मिल बंद झाल्यापासून दुपारी मल्हारगंज भागात एक चक्कर, बाकी दिवस रिकामा. चष्मा पुसून बसले. "कंस. तारा. कंस पूरा. बेटा, हे मराठीत वाचू की इंग्लिशमध्ये?" अर्ध्या पानावर थांबले. "कल्पना असंच वाचायची?"
जवळपास, म्हटलं. खोटं. ती चालीत वाचायची. मध्येच, पोह्यांवर मसाला मागतात तसं, "भिया, जिरावन ज़्यादा डालना" घुसवायची, मी झोपले का बघायला.

१७ फेब्रु.
सापडलं. फाइल स्वतःच सांगते, उघडल्यावर मी एवढी होईन. लायब्ररी ते खरं मानून मेमरीत तेवढीच जागा काढते. फाइल खोटं बोलली तर? माल जागेबाहेर सांडतो, शेजारच्या गोष्टींवर चढतो. मुद्दाम कोणी तशी फाइल पाठवली तर बँकेचं मशीन त्याच्या हातात.
बाबा म्हणाले, "मग? पुढे वाचू?"
सांगायचं होतं एकीलाच.

१८ फेब्रु.
खोटी फाइल बनवली, सरांसमोर उघडली. प्रोग्रॅम कोसळला. सर: "मॅडम, सारी दुनिया चला रही है इसको. किसी ने कुछ बोला?" म्हटलं, कोणी वाचलं असेल तर बोलेल ना. सॉफ्टवेअरची डिस्क शुक्रवारी बँकेत जायची. तपासणीवर माझी सही होणार नाही, एवढं बोलले नि जागेवर आले. घरात पगार माझाच एक.

१९ फेब्रु.
लायब्ररीवाल्याला ईमेल केली. संध्याकाळी एसटीडी बूथवरून कल्पनाला फोन. म्हणाली, "सांगू नको. वाच." उभ्या उभ्या वाचत गेले. बाहेरचा माणूस काचेवर टकटक करत होता.
"थांब," ती म्हणाली. बरोब्बर तिथेच.

"सुन ना सुनंदा, इकडे ये. हेच काम आहे आमच्याकडे. इथल्या सरांशी बोललीये मी. सोमवारपर्यंत सांग."

२१ फेब्रु., शुक्र.
लायब्ररीवाल्याचं उत्तर आलं. चूक कबूल, दुरुस्तीही सोबत. सरांनी डिस्क अडवली होती, मला सांगितलं नव्हतं. आता नवी लायब्ररी जोडून जाईल. निघताना "एक बार आप देख लेना", बस.
आनंद झाला. पण रिकामा.

२३ फेब्रु., रवि.
बाबांना हैदराबादचं सांगितलं. "जा ना," लगेच म्हणाले. म्हणजे मी कल्पनाला फोन केल्याचं कळल्यापासून विचार चालू असणार. तुम्ही पण चला, म्हटलं. "मिलच्या केसचा निकाल लागायचाय. कोर्टात पेशीला कोण जाणार?"
विषय संपला वाटलं. मी भाजी निवडायला बसले. कल्पनाला उद्या काय सांगायचं, काही ठरेना. ती तिकडे कोणाला वाचून दाखवत असेल? हे विचारायचं राहूनच गेलं.
बाबा कप विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "तिकडे मराठी लोक असतील का गं?"
माझ्यासाठी विचारलं की स्वतःसाठी, कळलं नाही. असतील, म्हटलं.