चार नंबरचा चिमटा

मांजरी बुद्रुक,
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय श्रीधरकाका,

उत्तरेश्वरचा नमस्कार. मंदाकिनीकाकूंनाही सांगा. तुमचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. कुरिअरचं काम सोडलं, त्यानंतर टेम्पोवर होतो, तेही सोडलं. आता इथल्या रोपवाटिकेत उसाची रोपं ट्रेमध्ये लावतो. तुम्ही म्हणाल, "अरे वा, म्हणजे पंधरा दिवस झाले असतील." अकरा झाले.

फोनच करणार होतो. पण तुम्ही "बोला" म्हणालात की माझं बोलणं भलतीकडे जातं. लिहितानाही जातंयच. आत्ता मध्येच उठून शेजारच्या रानात ऊसतोड चाललीये ती बघून आलो. काही कारण नव्हतं.

त्याच्या पलीकडच्या मोकळ्या रानात आमची शर्यत व्हायची. घरी जोडलेले ड्रोन. चार मोटारी, चार पाती, पुढे नखाएवढा कॅमेरा. कॅमेऱ्यातलं चित्र डोळ्यांवरच्या चष्म्यात येतं, त्यावर बघून उडवायचं. तुमच्या गंधारचं सोल्डरिंग कधी नीट बघितलंत का? ज्वारीच्या दाण्यासारखे टपोरे टाके. माझे म्हणजे कावळ्याची शीट. तोच म्हणायचा.

आता बॅटरी लावली की चित्र सुरू होतं, आणि त्या चित्राला चॅनेल लागतो. एका चॅनेलवर दोघं आले की एकाला दुसऱ्याचं चित्र दिसतं. म्हणून आमच्यात चिमट्यांची पद्धत. कपडे वाळत घालायचे चिमटे, त्यावर नंबर. ज्याच्या कॉलरला चार नंबर, त्यानेच चारवर बॅटरी लावायची. बाकीच्यांचे हात खिशात. ते चिमटे काकूंच्या दोरीवरचे आहेत. हे पण सांगून टाकतो.

नोव्हेंबरातला तो रविवार. गंधारचा ड्रोन वळणावर वळलाच नाही, सरळ जाऊन तुमच्या अवनीच्या कपाळावर आदळला. पाच टाके. मी तिला गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. "तू होतास म्हणून निभावलं. नाहीतर आमचे चिरंजीव!" मग जेवायला बसवलंत. काकूंनी शिरा वाढला. मी दोनदा घेतला.

गंधार कोपऱ्यातून सांगत होता, "बाबा, मला वळण दिसलंच नाही. चपला दिसल्या. निळ्या पट्ट्यांच्या चपला आणि टेबलाचा पाय."

तुम्ही म्हणालात, "वा! विमान आकाशात आणि चिरंजीव चपलांच्या दुकानात."

सगळे हसले. मी पण हसलो.

काका, माझ्या चपलांचे पट्टे निळे आहेत.

मी माझ्या ड्रोनला नवा कॅमेरा बसवला होता, चालतो का बघायची घाई झाली. चार नंबरचा चिमटा गंधारच्या कॉलरला होता. माझ्याकडे कुठलाच नव्हता. माझ्या ड्रोनमध्ये आधीच्या रविवारचा चार नंबरचाच चॅनेल राहिला होता, तो मी बदलला नाही. टेबलाखाली धरून बॅटरी लावली. पाच सेकंद, फार तर सहा. अवनीची किंकाळी आली तशी तार उपटली. सगळे तिच्याकडे पळाले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

संध्याकाळी सांगू म्हटलं, तर तुम्ही पाठीवर हात ठेवलात. मग मी गावाला गेलो, तिथून सोलापूरला, मग परत. तुम्ही गंधारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलंत, मग डोक्याचा स्कॅन केलात, हे सगळं कळत होतं. रिपोर्ट चांगला आला की आपोआप मिटेल, असं मी धरून चाललो.

काल खराडीत अवनी भेटली. म्हणाली, "दादाने स्कूटर चालवणं सोडलंय. ड्रोनने जमीन मोजणारी कंपनी त्याला पायलट म्हणून घेतेय, उद्यापर्यंत कळवायचंय. तो नकार कळवणार आहे. म्हणतो, आज चपला दिसल्या, उद्या खाली माणसं असताना काय दिसेल?" मी म्हटलं, "हो का." काका, तिच्या कपाळावरची खूण समोर दिसत असताना मी नुसतं "हो का" म्हटलं.

त्याच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. डोक्यालाही नाही. त्याला जे दिसलं ते खरोखर तिथे होतं. पटत नसेल तर तुम्ही कपाटात ठेवलेला त्याचा ड्रोनचा चष्मा काढा. माझा ड्रोन पिशवीत आणलाय, पाती काढून. समोर लावून दाखवतो.

आणलाय म्हणजे, हे शेवटचं मी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, मंडईच्या मागे, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून लिहितोय. अवनी कॉलेजातून आली की तिच्या हातात देईन. तिला अजून सांगितलेलं नाही. कपाळ तिचं आहे, तिनेही वाचावं. आधी गंधारला मोठ्याने वाचून दाखवा. त्याने कंपनीला काय ते कळवलं की मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

तुम्ही हाक मारेपर्यंत इथेच आहे. नाही मारलीत तरी आज कुठे जात नाही.

'आपला' असं लिहायचा धीर होत नाही,
उत्तरेश्वर