चाँदच्या स्प्रिंगा आणि माझी गूळतुला

बीड, १२ दै, १३४१ फसली

राजश्री आसारामराव, मुक्काम घाटनांदूर, यांस पंडितराव पेशकाराचा सप्रेम नमस्कार. घरातली लेकरंबाळं, म्हातारी माणसं, नवी व्यालेली म्हैस, सगळी खुशाल असतील. इकडचं विचाराल तर हे पत्र मी कोनाड्यात दौत ठेवून उभ्यानं लिहितो आहे. बसायची सोय उरलेली नाही. का ते सांगतो, पण वाचताना शेजारी कुणाला बसवू नका, आणि तुमच्या मातोश्रींना तर मुळीच ऐकवू नका.

आमच्या तहसीलदार साहेबांना मोटार मिळाली आणि त्यांची जुनी फटफटी दौऱ्यासाठी माझ्या गळ्यात पडली. साहेब म्हणजे तीन मणांचा ऐवज. त्यांच्या बेतानं कसलेल्या बैठकीवर मी बसलो की दर खड्ड्याला हातभर उडायचो (एकदा लिंबागणेशला गेलो तर निम्मा रस्ता हवेतूनच). म्हणून चाँद मिस्तरीला बोलावलं. हा चाँद मोठा गुणी माणूस. बैठकीखालच्या दोन स्प्रिंगांना हात लावण्याआधी एकच गोष्ट विचारतो. "साब, वजन बराबर बोलो. हलके आदमीकू कसी स्प्रिंग उडाती, भारी आदमीकू ढीली स्प्रिंग डुबाती." मी बेधडक सांगून टाकलं, एक मण अठ्ठावीस शेर. हा आकडा अख्ख्या बीडला पाठ आहे, नाही का?

आता छातीवर हात ठेवा. गेल्या साली मी मुदतीच्या तापातून उठलो आणि चांगला भरून आलो, तेव्हा तुमच्या बहिणीनं नवस फेडायला मला गणपतीपुढं गुळानं तोललं. गूळ तुमच्याच गुऱ्हाळाचा, तीन मण. मी पारड्यात बसलो. समोर पिवळ्याधमक ढेपा चढू लागल्या आणि आसारामराव, मला ते बघवेना! सगळा गूळ जातो की काय? मी धोतराच्या सोग्याआडून डावा पाय खाली सोडला आणि अंगठा हळूच जमिनीला टेकवला. बस्स. पारडी सारखी झाली, पुजाऱ्यानं खड्या आवाजात एक मण अठ्ठावीस शेर पुकारले, आणि उरलेला गूळ घरी आला. तो मी वर्षभर तुपाशी खाल्ला. म्हणजे तेव्हाचं चोरलेलं वजन होतंच, वर हेही चढलं. देवापुढं झालेलं माप खोटं, असं चाँदला कोण सांगणार?

परवा, चाँदनं त्या आकड्याच्या बेतानं स्प्रिंगा ढिल्या केल्यावर, कचेरीसमोर साहेबांनी मला फटफटीवर बसवलं. पेठेत शंभर पावलं गेलो नाही तोच नाल्याचा उतार आला. स्प्रिंगा तळाला गेल्या, खाड् असा आवाज झाला, माझ्या माकडहाडापासून शेंडीपर्यंत वीज गेली. त्याच स्प्रिंगांनी उलटी उसळी घेतली आणि मी थेट रस्त्याकडेला सीताफळं विकणाऱ्या अकबरीच्या पाटीत! (बिया अजून निघताहेत. कुठून ते विचारू नका.) साहेब कडाडले, "मिस्तरीनं आमचा पेशकार मारलाच होता! उद्यापासून कचेरीचं काम याला बंद." चाँदचं घर त्या कामावर चालतं. त्यानं फक्त माझ्याकडं पाहिलं. मी बिया थुंकत राहिलो, पण तोंडातून खरा आकडा काही निघाला नाही.

काल सकाळी तो घरी आला. मला वाटलं भांडायला आला असेल. पण त्यानं तेलाची शिशी पुढं केली आणि खाली मान घालून म्हणाला, "साब, दर्दकू अच्छा है. मेरा हाथ चुक्या." माझा हात चुकला म्हणतो हो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमची बहीण सुंदरबाई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिच्यादेखत मी अंगठ्याची सगळी हकिकत ओकून टाकली. वाटलं, आता ही बाई देवाचा घात केला म्हणून आकाशपाताळ एक करणार. तिनं थापायचंसुद्धा थांबवलं नाही. म्हणाली, "मला ठावं हाय की. एवढ्याशा वजनाच्या माणसाखाली बाजेचं सुंभ दर पंधरवड्याला आवळावं लागतंय व्हय? तुमची तुला झाल्यावर दुसऱ्याच चतुर्थीला दादाकडून वीस शेर गूळ आणून देवाला पोचवलाय मी."

दादाकडून! म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आणि तरी दिवाळीला माझ्याच पाटावर बसून "पेशकार, लई वाळलात" म्हणालात!

असो. मी साहेबांपुढं लेखी जबानी दिली. साहेब घटकाभर हसले, मग चाँदला बोलावून त्याचं काम त्याला परत दिलं. माझी अब्रू गेली ती गेलीच. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हाला काय द्यावं ते सुचत नाही.

आपला,
पंडितराव

ता. क. घरातला सगळा गूळ तुमच्या बहिणीनं अकबरीला चेंगरलेल्या सीताफळांच्या बदल्यात देऊन टाकला. तेव्हा दोन शेर तेवढा पाठवा. घरी नको, कचेरीच्या पत्त्यावर.

दुसरा ता. क. चाँद आत्ताच स्प्रिंगा कसायला आला होता. या वेळी त्यानं वजन मला विचारलं नाही, सुंदरबाईला विचारलं. तिनं मला एकदा खालीवर पाहिलं आणि म्हणाली, "दोन मण सतरा शेर. अन् वर दोन शेराला जागा ठिवा, दादाचा गूळ कचेरीत यायचाय." आसारामराव, वरचा ता. क. तिनं अजून पाहिलेलासुद्धा नाही हो!