आवाज मशीनचा आहे

सोमवार, ४ मार्च

आजपासून राग इथे काढायचा. तोंडानं नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घरातल्या कोणी इतिहास वाकवू नये. सकाळी एका गिऱ्हाइकाच्या अंगणात आंब्याचा ओंडका कापत होतो. गृहस्थ रिटायर्ड. हात मागे बांधून पूर्ण वेळ माझ्या खांद्याशी उभे. म्हणे, जरा डावीकडून घ्या. म्हणे, साल आधी काढली असतीत तर बरं झालं असतं. म्हणे, आमच्या ऑफिसात एकजण होता, तो हे सगळं हातानं करायचा. मी त्यांना शांतपणे विचारलं, मग त्यालाच का नाही बोलावलंत? ताईच्या मते मी हे शांतपणे विचारलं नाही. ताईच्या मते समोरच्या इमारतीतली बाई, कोण पडलं, म्हणून गॅलरीत आली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण आणि धंद्यातली पार्टनर. मशीन माझं, पिकअप तिची. मशीन म्हणजे चाकांवरची सॉ-मिल. दोन लांब रूळ, त्यांवर पुढेमागे सरकणारं इंजिन, त्यात पट्ट्यासारखं गोल फिरणारं दातेरी पातं. पिकअपला मागे जोडायचं, गिऱ्हाइकाच्या दारात न्यायचं, पडलेल्या झाडाच्या तिथल्या तिथे फळ्या करून द्यायच्या. या शहरात असं मशीन फक्त माझ्याकडे आहे. पिकअप नसली तर ते एक महागडं बाकडं आहे. हे वाक्य ताईचं.

परतताना तिनं अट घातली. आणखी एका गिऱ्हाइकावर ओरडलास तर हुक काढीन आणि सरळ घरी जाईन, मग तू ढकलत ने तुझी फिरती गिरणी.

मी उत्तर दिलं नाही. संयम.

(पुढे पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा थोडं दिलं.)

मंगळवार, ५ मार्च

दुपारपर्यंत राग शून्य. काम नव्हतं.

दुपारी एका शिंप्याकडे. कडुनिंबाचा बुंधा. मी नियमाप्रमाणे विचारलं, यात खिळेबिळे आहेत का? शिंपी छातीवर हात ठेवून म्हणाला, साहेब, हे झाड माझ्या डोळ्यांदेखत वाढलंय. तिसऱ्याच फळीला पातं लोखंडावर गेलं. ठिणग्या. नवं कोरं पातं खलास. आत पाळण्याचा हूक. लाकूड त्याला गिळून वर गुळगुळीत होऊन बसलेलं. शिंपी आनंदानं म्हणाला, अरेच्चा, हा तर माझाच पाळणा!

मी फक्त हातातला पाना खाली ठेवला. तो पत्र्यावर पडला याला मी काय करू?

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, पाना ओरडला, मी नाही.

गुरुवार, ७ मार्च

विचार करता एक गोष्ट सिद्ध होते. मी ओरडतच नाही. इंजिनचा आवाज प्रचंड, त्यात कानांवर आवाज अडवणारे जाड मफ. अशा परिस्थितीत माणूस ज्या पट्टीत बोलतो त्या पट्टीत मी बोलतो. आवाज मशीनचा आहे, बदनामी माझी. आजच्या समाजाची हीच तऱ्हा. मशीनला कोणी जाब विचारत नाही. माणूस सापडला की सगळे तुटून पडतात! कारकुनीची खुर्ची सोडून मी हे मशीन घेतलं तेव्हा हेच लोक हसले होते. हसा. ज्या खुर्चीवर बसून हसता, तिची फळीसुद्धा कोणीतरी कापलेली असते!

पुरावा म्हणून संध्याकाळी बायकोला विचारलं, घरात तर मशीन नसतं, घरात मी कधी ओरडतो का? ती स्वयंपाकघरात होती. तिच्या आधी शेजारच्या घरातून, हो, असं उत्तर आलं. मग वरच्या मजल्यावरून.

बायको म्हणाली, अहो, खिडकी लावून विचारायचं असतं असलं काही.

शुक्रवार, ८ मार्च

मोठी बातमी. शाळेचं काम!

वादळात मैदानातलं जुनं शिरीषाचं झाड पडलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंना त्याचीच बाकं करून मैदानात मांडायची आहेत. वर जाड फळ्या, खाली त्याच झाडाचे ठोकळे. हे काम जमलं तर आणखी दोन शाळा आमच्याकडे येतील, असं बाई म्हणाल्या. मग ताई म्हणाली, आणि नाही जमलं तर त्या दोन शाळांना बाईच फोन करतील.

बाईंची एकच अपेक्षा. वर्ग चालू असतात, शब्द जपून वापरावेत. मी म्हणालो, बाई, शब्द ही माझी शक्ती आहे. ताईनं तिथेच डोळे मिटले.

निश्चय: शाळेत एकही मोठा शब्द नाही. काहीही होवो.

मंगळवार, १२ मार्च. सकाळी सहा.

नवं पातं मी स्वतः बसवलं. ताई म्हणाली, मी बसवते. मी म्हणालो, मशीन कोणाचं? पातं गुंडाळलेल्या स्प्रिंगसारखं येतं. सोडताना फटकन उघडलं, अंगावर आलं, पण मी घाबरलो नाही. काही काळ पिकअपच्या पलीकडे उभा होतो, ते निरीक्षणासाठी.

उत्तम बसलं आहे. मन शांत.

त्याच दिवशी, रात्री आठ.

लिहून काढलंच पाहिजे, कारण बोलता येत नाही.

इंजिन सुरू केलं. पातं ओंडक्याला टेकलं आणि धूर. भुसा नाही, नुसता धूर! मी जोर लावला. आणखी धूर. बोटभरसुद्धा आत जाईना. मला दिसलं की हे लाकूड मुळातच आडमुठं आहे. आयुष्यभर शाळेत उभं राहून ते शिकलं काय तर विरोध! मी इंजिन बंद केलं आणि त्या झाडाला जे सांगायचं ते सांगितलं. त्यानंतर पाती विकणाऱ्या कंपनीला सांगितलं. मग ओघातच असल्या कंपन्यांना मोठं करणाऱ्या समाजाला, मग समाज घडवणाऱ्या शिक्षणाला. हा विषय निघाला तेव्हा वर्गांच्या खिडक्यांत मुलं दाटली होती आणि मुख्याध्यापिकाबाई पायऱ्यांवर आल्या होत्या. मी हात वर करून म्हणालो, जे शिक्षण लाकडाला वाकायला शिकवत नाही

आणि आवाज गेला. फट. घशातून हवा तेवढी आली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. हे नमूद करतो.

ताईनं माझ्या कानांवरचे मफ खेचून काढले. म्हणाली, मघापासून घसा कोरडा करून सांगतेय, पातं उलटं बसवलंयस! बनियन उलटं घालावं तसं. आतली बाजू बाहेर, दात मागे. कापतोयस कसला, पाठ घासतोयस त्या झाडाची!

पातं आधी ज्या बाजूनं होतं ती बाजू उलट होती, हे मला मान्य आहे. पण उलट कोणी केलं, हा प्रश्न उरतोच. पातं स्वतःहून उघडलं होतं.

ताई थेट पिकअपकडे गेली. हुकाला हात घातला. मी तिला खुणेनं सांगितलं, अट गिऱ्हाइकावर ओरडण्याची आहे. मी झाडावर ओरडलो. झाड गिऱ्हाईक नाही. तिनं ती खूण तीनदा करायला लावली. मग बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, यांचा आवाज परत कधी येईल? डॉक्टरला विचारून सांगते, म्हणाली ताई. बाई म्हणाल्या, तोवर काम करा.

डॉक्टर म्हणाले, आठवडाभर एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. ताईनं त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

गुरुवार, १४ मार्च

फळ्या सरळ. कडा कोऱ्या कागदासारख्या. बाई खूश. माझ्या मौनाचा परिणाम.

शुक्रवार, १५ मार्च

खेळाचे सर मला म्हणाले, तुमच्याकडे बघून शांत वाटतं. मला आतून इतकं काही बोलायचं होतं की डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं भुसा गेला. फुंकर मारून दिली.

काम मात्र सपाट्यानं चाललं आहे. ताई गाणी गुणगुणते. मी कित्येक वर्षांत तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. ती म्हणते, मी रोजच गुणगुणते.

सोमवार, १८ मार्च

मी राग जिंकला आहे. हे मी अभिमानानं नाही, निरीक्षण म्हणून लिहितो. माणसं वर्षानुवर्षं ध्यान करतात, मला एक आठवडा लागला. बायको म्हणते, घसा बसलाय तुमचा, स्वभाव नाही. तिला मोठे बदल दिसत नाहीत. जवळच्यांना कधीच दिसत नाहीत. या अन्यायाबद्दल मला काडीचाही राग नाही. (पेन्सिलीचं टोक तुटलं. पेन्सिल हलकी आहे.)

गुरुवार, २१ मार्च

आवाज आला! सकाळी बाथरूममध्ये खाकरलो आणि खणखणीत निघाला. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

आणि योग कसा. बाकं तयार झाली. शनिवारी शाळेत छोटासा कार्यक्रम आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही मुलांना दोन शब्द सांगा, इतके दिवस किती संयमानं काम केलंत ते. माईक असेल.

माईक!

ताई बाईंना म्हणाली, नको, हारतुरे द्या, पेढा द्या, माईक नको. बाई हसल्या. त्यांना वाटलं बहीणभावाची थट्टा.

विषय: संयम. भाषण लिहून काढलं. सतरा पानं. कापून बारावर आणलं. प्रत्येक पान आवश्यक होतं.

शनिवार, २३ मार्च

सुरुवात चांगली झाली. बाकं मांडली होती, मुलं बसली होती, मी उभा राहिलो. राग म्हणजे उलटं बसलेलं पातं, असं पहिलं वाक्य. सगळीकडे शांतता. ताईसुद्धा ऐकत होती. तिनं मान डोलावली. मी बघितलं.

तिसऱ्या पानावर पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, माईक जरा डावीकडून धरा.

हात मागे बांधलेले. तेच! आंब्याच्या ओंडक्याचे रिटायर्ड गृहस्थ! मुख्याध्यापिकाबाईंचे यजमान निघाले. मी हसलो. मी खरोखर हसलो. चौथं पान. म्हणे, कागद खाली घेऊन बोला, परिणाम होतो. पाचवं. म्हणे, आमच्या ऑफिसात एकजण होता, तो कागदाशिवायच

यापुढचं मला नीट आठवत नाही. माईक चालू होता. स्पीकर शाळेच्या गच्चीवर होते.

भान आलं तेव्हा मी बाकावर उभा होतो आणि बाईंचे यजमान बाकाच्या मागे. खेळाच्या सरांनी माईकची वायर काढली होती, पण काही फरक पडला नव्हता.

मग मागून एक छोटा आवाज आला. खट्. हुक काढल्याचा. ताई पिकअपमध्ये बसली. आरशात बघितलंसुद्धा नाही.

रविवार, २४ मार्च

बाईंचा निरोप: उद्या मुलांची कवायत आहे, सकाळच्या आत मैदान मोकळं करा. दुसऱ्या दोन शाळांबद्दल एक अक्षर नाही.

मशीन मैदानाच्या मधोमध. ढकलून बघितलं. हललं नाही. एका टेंपोवाल्याला गाठलं, तर म्हणाला, माझ्या गाडीला असला हुक नाही. मी म्हणालो, माझी एक अडचण झाली आहे, सांगू का? तो म्हणाला, माहीत आहे, काल आमच्या घरापर्यंत आली होती.

बायकोला म्हणालो, तू सांग ना ताईला. ती म्हणाली, बहीण तुमची, तोंड तुमचं.

संध्याकाळी ताईच्या दाराशी गेलो. वाटेत ठरवलं होतं, वाद नाही, कारणं नाहीत, यजमानांचा उल्लेखही नाही. फक्त दोन शब्द, ते पण हळू. बेल वाजवली. बराच वेळ कोणी आलं नाही. खिडकीतून हात केला तेव्हा तिनं बघितलं आणि दार उघडलं.

कानांवर मफ होते. मशीनवरचे. माझे.

मी हळू बोललो. आयुष्यात पहिल्यांदा, अगदी शाळेतल्या फळीसारखं सपाट आणि सरळ. चुकलं, ताई. चल ना.

तिनं कानांकडे बोट दाखवलं. ऐकू येत नाही.

मी मफ काढण्याची खूण केली. तिनं मान हलवली. नाही.

मी पुन्हा म्हणालो, किंचित मोठ्यानं. पुन्हा तीच मान. मग आणखी किंचित.

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. ताईनं दार लावून घेतलं.